पेनल्टीचे नियम शिकवणारं क्विझ ॲप: ३ स्टार
अमेरिकन फुटबॉलच्या पेनल्ट्या एकदाच्या डोक्यात शिराव्यात म्हणून घेतलं हे ॲप. प्रश्न भारी आहेत, म्हणजे बघा, एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, ऑफेन्सने (बॉल असलेली टीम) केलं तर १० यार्ड मागे, डिफेन्सने केलं तर ५च पण वर ऑफेन्सला फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न) फुकटात, आणि ऑफेन्सने स्वतःच्याच एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा पट्टा) केलं की थेट सेफ्टी, म्हणजे समोरच्या टीमला २ गुण, डोकं गरगरतं राव! पण डिफेन्सच्या पास इंटरफिअरन्सला (पास पकडणाऱ्याला नियमाबाहेर अडवणं) एनएफएलमध्ये फाउल झाला तिथे बॉल ठेवतात, कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड, आणि ॲप लीग कुठली ते सांगतच नाही, नुसती खिचडी. दोनदा माझं बरोबर उत्तर चूक दाखवलं. समोरच्या टीमला लागलेली पेनल्टी आपण कधी नाकारायची तो भाग मात्र मस्त जमलाय, तेवढ्यासाठी ठेवलंय फोनमध्ये.