आरसीटीत (रूट कॅनॉल ट्रीटमेंटमध्ये) कॅनॉल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी, धुवायला काय घ्यायचं: हायपो, क्लोरहेक्सिडीन, ईडीटीए की नुसतं सलाइन?

कोल्हापुरात राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत नवीन डेंटल क्लिनिक टाकलेली पोरं-पोरी हमखास विचारतात, सर इरिगेशनला, म्हणजे कॅनॉल धुवायला, नेमकं काय मागवू, डीलर तर सगळंच चांगलं म्हणतोय. माझं मत सरळ आहे, हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, हा पाया, बाकी सगळं त्याच्या जोडीला.

सलाइन आधी उरकून टाकू. त्याने कचरा वाहून जातो, बास. जंतू मरत नाहीत की सडलेला पल्प (दाताच्या आतला मऊ टिश्यू) विरघळत नाही, त्यामुळे दोन औषधांच्या मधे धुवायला ठीक पण फक्त सलाइनवर आरसीटी करू नका, खरंच करू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला छान वाटतो पण त्यानेही टिश्यू विरघळत नाही, आणि अॅपेक्सच्या (मुळाच्या टोकाच्या) बाहेर गेलं तर हवा अडकून सूज येते, मी ठेवतच नाही.

आता हायपो. पहिल्या महायुद्धात हेन्री डाकिनने ०.५% चं द्रावण जखमा धुवायला वापरलं, तिथून ते दातापर्यंत आलं. फाइल (कॅनॉल घासायची बारीक सुई) कॅनॉलच्या सगळ्या भिंतींना लागतच नाही, फाटे आणि कोपरे राहतातच, तिथला टिश्यू विरघळवायचं काम या सगळ्यात फक्त हायपो करतं. ३% की ५.२५%? स्ट्राँग असेल तर लवकर विरघळतं हे खरं, पण टिश्यूशी भिडलं की क्लोरीन संपत जातं, म्हणून ३% घेऊन दर फाइलनंतर भरपूर ताजं टाकलं तर रोजच्या केसेस छान निभतात आणि बाहेर गेलंच तर नुकसानही त्यातल्या त्यात कमी. अॅपेक्स उघडा असलेल्या लहान पोरांच्या रिव्हॅस्क्युलरायझेशनला (मुळात परत रक्तपुरवठा आणायच्या उपचाराला) मात्र १.५% च. आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दुपारी क्लिनिक तापतं, बाटली खिडकीत ठेवली तर उन्हानं आणि उष्णतेनं ताकद उतरते, गडद बाटली, थंड जागा, आणि उघडल्याची तारीख वर लिहायची. किराणा दुकानातलं ब्लीच आणून पातळ करायचं नाही, त्याची टक्केवारी कुणाला माहीत.

भीती एकाच गोष्टीची, हायपो अॅपेक्सच्या बाहेर जायची. पेशंट एकदम कळवळतो, गाल बघता बघता सुजतो, काळा-निळा पडतो. म्हणून ३० गेजची साइड व्हेंट (बाजूला भोक असलेली) निडल, वर्किंग लेन्थच्या (कॅनॉल जिथपर्यंत साफ करायचा त्या लांबीच्या) २ मिमी अलीकडं, निडल कॅनॉलमध्ये अडकू द्यायची नाही, सतत वर-खाली हलवत हळू दाबायचं. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावायचाच, कपड्यावर थेंब पडला की रंग गेलाच म्हणून समजा.

क्लोरहेक्सिडीन २% वास-चवीला बरं, टिश्यूला तेवढं जाळत नाही, डेंटिनला (दाताच्या आतल्या कठीण थराला) धरून राहतं म्हणून असर बराच टिकतो, त्यामुळे रिट्रीटमेंटला (आधी झालेली आरसीटी परत करायला) किंवा हायपोची अॅलर्जी असलेल्याला उपयोगी. पण विरघळवत काहीच नाही, त्यामुळे हायपोच्या जागी ते, हा विचार मला पटत नाही. आणि हायपोवर थेट टाकलं की नारिंगी-तपकिरी साका बसतो, दात रंगतो, डेंटिनमधल्या बारीक नळ्या बुजतात. मधे सलाइनने धुवून पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक काडीने) कोरडं करा. क्लोरहेक्सिडीनचीही अॅलर्जी असते, क्वचित पण जोरात, आधी विचारा.

ईडीटीए १७% चं काम वेगळं. फायलिंगने भिंतीवर जो स्मिअर लेयर (भुग्याचा पातळ थर) बसतो त्यातला खनिजाचा भाग हायपोला निघत नाही, तो हे काढतं. शेवटी १ मिनिट पुरे, दहा-दहा मिनिटं ठेवलं तर डेंटिनच खातं. हायपोत मिसळलं तर क्लोरीन मारून टाकतं, म्हणून दोन्ही एका सिरिंजमध्ये कधीच नाही. अरुंद कॅनॉलला फायलिंग करताना जेल बरं पडतं, फायनल रिन्सला लिक्विडच.

सुरुवातीला बजेट कमी असेल तर ३% हायपो, १७% ईडीटीए आणि चांगल्या निडल एवढ्यात काम होतं, क्लोरहेक्सिडीन रिट्रीटमेंट यायला लागल्या की घ्या. उरलेले पैसे कॅनॉलमधलं हायपो हलवणाऱ्या अल्ट्रासॉनिक टिपमध्ये घाला, ती नसेल तर नीट बसणारा गटापर्चा पॉइंट (कॅनॉल भरायची रबरासारखी काडी) हायपोत वर-खाली हलवला तरी ते आत चांगलं पोचतं. गडहिंग्लज-राधानगरीहून एसटीने येणारा पेशंट एकाच सिटिंगमध्ये संपवायचा असेल तेव्हा हे पाच-सात मिनिटांचं हलवणं अजिबात वाचवू नका.

आणि सिरिंजवर नावं लिहा, हायपोची वेगळ्या ट्रेमध्ये, भुलीची वेगळ्या. हायपो भूल समजून हिरडीत टोचल्याच्या केसेस जर्नलमध्ये छापून आल्यात, तेव्हा असिस्टंटला पहिल्या दिवशी हेच शिकवा.