अलाइनमेंट 'थोडीशी' सरकली की सिव्हिल व्ह्यू आठवतं

रस्त्यांच्या डिझाइनवरून थ्रीडी दृश्यं बनवण्याच्या आमच्या कामात सगळ्यात भीतीचा शब्द 'थोडंसं'. "अलाइनमेंट थोडीशी सरकवली आहे, फाइल पाठवतोय," असा डिझायनरचा फोन आला, म्हणजे रस्त्याची आखलेली रेषा हलली, की पूर्वी माझी रात्र गेलीच. डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, थ्रीडीएस मॅक्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणायची, त्रिकोणांच्या जाळ्यात डांबर कुठे संपतं नि शोल्डर (रस्त्याकडेची पट्टी) कुठे सुरू होतो ते हाताने निवडायचं, पट्टे मारायचे, क्रॅश बॅरियर उभे करायचे. आणि फोन आला की पुन्हा पहिल्यापासून.

मॅक्समधलं सिव्हिल व्ह्यू हे रस्त्यांसाठीचं साधन मी वापरायला लागले ते एवढ्यासाठीच. पूर्वी ते डायनामाइट व्हीएसपी या नावाने ओळखलं जायचं. आता मॅक्ससोबतच मिळतं, फक्त आधी इनिशियलाइझ करून मॅक्स पुन्हा उघडावं लागतं. वर्षानुवर्षं मॅक्स चालवणाऱ्या किती जणांना ते आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसतं!

सिव्हिल थ्रीडी या रस्ते डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमधून सिव्हिल व्ह्यूसाठीची व्हीएसपीथ्रीडी फाइल काढायची. तिच्यात कॉरिडॉरच्या, म्हणजे रस्त्याच्या थ्रीडी मॉडेलच्या, कडा आपापले कोड घेऊन येतात. मग या कडेला पांढरा पट्टा, त्या कडेपासून अर्ध्या मीटरवर बॅरियर, असं एकदा सांगायचं आणि ती स्टाइल जपून ठेवायची. डिझाइन बदललं की नवी फाइल जुन्या जागी ठेवून अपडेट करायचं. पट्टे नि बॅरियर आपल्या कडेमागोमाग जातात.

माझी पहिली फजिती ग्लोबल शिफ्टची, म्हणजे सगळं मॉडेल ठरावीक आकड्यांनी सरकवून शून्याजवळ आणण्याची. सर्व्हेचे आकडे लाखांत असतात आणि मॅक्स सिंगल प्रिसिजनवर चालतं, म्हणजे साधारण सात अंकच धड राहतात. नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) २०,९७,१५२ मीटरच्या पुढे गेलं की दोन शेजारच्या आकड्यांत पाव मीटरचं अंतर पडतं. मी शिफ्ट शून्यावरच ठेवली होती. बॅरियर करवतीच्या दातांसारखे दिसू लागले, आणि मी अर्धा दिवस डिझायनरच्या मॉडेलला नावं ठेवत बसले. चूक माझीच. आता शिफ्टचे आकडे मी फाइलच्या नावातच लिहिते, कारण सहकाऱ्याने वेगळी शिफ्ट धरली तर त्याचा पूल माझ्या रस्त्याला सापडत नाही.

दुसरी गोष्ट डिझायनरकडूनच मागून घ्या. २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर कॉरिडॉरचे सेक्शन (आडवे छेद) दर २० मीटरवर असतील, तर सरळ तुकडा खऱ्या वळणापासून मध्यभागी २५ सेंटिमीटर आत जातो. नकाशावर ते कुणाला खुपत नाही, पण गाडीच्या उंचीवर कॅमेरा ठेवला की रस्ता अष्टकोनी दिसतो. अंतर ५ मीटर केलं की फरक दीड सेंटिमीटरवर येतो. मॅक्समध्ये कितीही घासलं तरी हे नीट होत नाही.

डिझायनर वेगळं सॉफ्टवेअर वापरत असेल तर मी लँडएक्सएमएल मागते, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारी फाइल. सरफेस (पृष्ठभाग) बिंदू नि त्रिकोणांच्या रूपात येतो, म्हणजे रस्ता येतो पण मुका येतो. कुठली कड कशाची ते आपणच ओळखायचं. शिवाय त्यात नॉर्दिंग आधी, ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) नंतर. एखाद्या इम्पोर्टरने ते उलटं वाचलं की उत्तरेला जाणारा रस्ता पूर्वेला निघतो.

एकाच स्थिर चित्रासाठी एवढा खटाटोप करू नका, एफबीएक्स ही साधी थ्रीडी मॉडेलची फाइल पुरे. झाडंही मी माझीच लावते. पण बदल होत राहणारं काम असेल तर सिव्हिल व्ह्यू शिकण्यात घातलेले दोन आठवडे वसूल होतात.

परवा पुन्हा फोन आला, वळणाची त्रिज्या 'थोडीशी' वाढवली म्हणून. अपडेट केलं, चहा घेऊन आले, रस्ता जागेवर. फक्त घाईत हाताने रोवलेले दोन दिशादर्शक फलक जुन्या वळणाच्या जागी, मोकळ्या माळावर उभे होते.