होडीचा वेग वाढवायचाय? कुठला पंखा कशासाठी घ्यायचा

होडी पळत नाही म्हटलं की बरेच जण सरळ जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे जाणारा पंखा आणतात. बसवून बघतात तर होडी आधीपेक्षा संथ, इंजिनाचा आवाज जड, आणि इंधन पहिल्याइतकंच किंवा जास्त जळतंय. हे पाहून मला दरवेळी हळहळ वाटते, कारण दुकानात जायच्या आधी एकच आकडा बघायला हवा होता: नेहमीचं वजन होडीत असताना फुल थ्रॉटलला, म्हणजे पूर्ण जोर दिल्यावर, इंजिन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) देतं. पंख्याची सगळी निवड या आकड्यापासून सुरू होते.

त्याआधी होडीचा तळ बघून घ्या. पाण्यावर उचलून घसरणारी होडी आणि पाणी कापत चालणारी जड होडी यांचं गणित वेगळं आहे. पाणी कापत चालणारी होडी स्वतःच उठवलेल्या पुढच्या आणि मागच्या लाटेच्या मधे अडकते. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणलं की तिची साधारण मर्यादा नॉटमध्ये (तासाला सागरी मैल) मिळते. २५ फुटांच्या होडीला ती ६.७ नॉट येते. अशी होडी आत्ताच साडेसहा नॉटने जात असेल तर कुठलाही पंखा तिला दहावर नेणार नाही. तिथे पंखा निवडायचा तो ओढीसाठी आणि इंधनासाठी.

पंख्यावर दोन आकडे असतात, समजा १३ × १५. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा पाण्यात शिरला असता, तर एका फेऱ्यात १५ इंच पुढे गेला असता. पण पाणी हटतं, म्हणून प्रत्यक्षात तो कमीच जातो. या तुटीला स्लिप म्हणतात. समजा आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन, ५५०० आरपीएमवर आहे आणि गिअर २:१ आहे, म्हणजे पंखा मिनिटाला २७५० फेरे घेतो. दुसऱ्या एखाद्या पंख्याचा पिच १३ असेल तर कागदावर वेग साधारण २९ नॉट निघतो. जीपीएस २५ दाखवत असेल तर स्लिप १५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि हलक्या होडीला ती ठीकच म्हणायची. पण तीच होडी १७ नॉटवर अडली असेल तर स्लिप ४० टक्क्यांच्या वर गेली. अशा वेळी दोष बहुधा दुसरीकडे असतो: तळाला चिकटलेले कालवं-शेवाळ, मागे दाबून भरलेलं वजन, किंवा चुकीच्या उंचीवर टांगलेलं इंजिन.

कमी पिच की जास्त पिच

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. पिच एक इंचाने कमी केला की फुल थ्रॉटलचे आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात, वाढवला की तेवढेच उतरतात. इंजिनाच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. ती ५००० ते ६००० आहे आणि भरलेल्या होडीत तुमचं इंजिन ४६०० वरच अडतंय असं समजू. म्हणजे पंखा इंजिनाला जड झालाय. पिच दोन-तीन इंच कमी करा. इंजिन मोकळं होऊन पूर्ण ताकद देऊ लागेल आणि बऱ्याचदा कमी पिचवरच होडी जास्त पळेल. आधी इंजिन ज्या आरपीएमला ताकद देतं तिथवर पोचतच नव्हतं, एवढंच त्याचं कारण. हा जडपणा चालवून घेऊ नका. आत कार्बन धरतो, पिस्टन तापतात, आणि डिझेल इंजिन असेल तर काळा धूर तसं सांगतोच.

उलट इंजिन ६२०० वर जात असेल तर पंखा हलका पडतोय. तिथे एखाद-दोन इंच पिच वाढवल्यावर वेग खरोखर मिळतो.

मासेमारीच्या होडीत अडचण अशी की तिचं वजन एका दिवसात बदलतं. जाताना टाकी भरलेली, बर्फ, जाळी, माणसं. येताना टाकी अर्धी, पण मासळी भरलेली. एखाद्या दिवशी काहीच नाही. सगळ्या वजनांना बरोबर बसेल असा एक पंखा नसतो. माझं मत स्पष्ट आहे: भरलेल्या होडीवर पंखा ठरवा. रिकाम्या होडीत इंजिन मर्यादेवर जायला लागलं तर थ्रॉटल हाताने मागे घेता येतो. भरलेल्या होडीत दमलेल्या इंजिनाला मात्र हात देता येत नाही, आणि हवा बिघडल्यावर घरी परतायचं असतं ते भरलेल्या होडीनेच.

तीन पाती की चार

नुसता सर्वात जास्त वेग हवा असेल तर तीन पाती. पाती जितकी कमी तितका पाण्याचा अडथळा कमी. चार पातींचा पंखा शेवटचा थोडा वेग खातो, पण वजनासकट होडी लवकर उचलतो, लाटांत आणि वळणावर पाणी धरून ठेवतो, थरथर कमी करतो. कमी वेगातही होडी उचललेली राहते, आणि खवळलेल्या पाण्यातून येताना याचा फार उपयोग होतो. तीनवरून चारवर जाताना तोच पिच घेऊ नका, साधारण एक इंच कमी घ्या, नाहीतर आरपीएम उतरतील. रोज माल भरून येणाऱ्याने चारच घ्यावा असं मी म्हणेन.

ॲल्युमिनियम की स्टेनलेस स्टील

स्टीलची पाती पातळ आणि ताठ असते. जोर लागला तरी ती वाकत नाही, म्हणून आकार टिकतो आणि वेगही थोडा जास्त मिळतो. ॲल्युमिनियमची पाती जाड असते आणि जोराखाली किंचित झुकते. खोल, मोकळ्या पाण्यात स्टील उजवं. पण वाट खडकांतून किंवा उथळातून असेल तर ॲल्युमिनियम घ्या. खडकावर आपटल्यावर त्याची पाती वाकते किंवा तुटते आणि धक्का तिथेच जिरतो. स्टीलची पाती तग धरते आणि तो धक्का शाफ्ट-गिअरकडे जाऊ शकतो.

पातीची मागची कड किंचित वळवलेली असते, तिला कप म्हणतात. पंखा हवा खेचून मोकळा फिरत असेल तर कपने पकड येते, पण आरपीएम थोडे उतरतात हे धरूनच पिच ठरवा.

आतल्या डिझेल इंजिनाची होडी

इथे मी पिचपेक्षा व्यासाकडे आधी बघतो. मोठा, सावकाश फिरणारा पंखा जास्त पाणी मागे ढकलतो, जाळं ओढताना तोच कामाचा. पण व्यास एक इंच वाढवला की इंजिनावर दोन-तीन इंच पिच वाढवल्याइतका भार येतो. शिवाय पातीचं टोक आणि तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या १० ते १५ टक्के तरी जागा सुटली पाहिजे, नाहीतर होडी थरथरते.

पैसे मोजायच्या आधी

आहे तो पंखा काढा. स्प्लिट पिन, नट, वॉशर, मग पंखा सरळ मागे ओढा. एकदा मी असाच काढला तर मागे शाफ्टवर नायलॉनची दोरी गुंडाळून घट्ट कडं झालेलं. सुरीने कापावं लागलं, आणि खाली ऑइल सीलची कड कातरलेली निघाली. मासेमारीच्या होडीत हे वारंवार होतं. सीलमधून पाणी गेलं की गिअर संपलाच.

पंख्याच्या मधलं रबरी हबही बघा, पंखा शाफ्टबरोबर फिरतो तो त्याच्यामुळे. ते सुटलं की आरपीएम चढतात पण होडी पुढे जात नाही, आणि माणूस पंख्याचा पिच चुकला समजतो. हबच्या आतल्या बुशपासून बाहेरच्या धातूपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि होडी जोरात चालवून आणा. रेघ तुटली तर हब घसरतंय.

नवा पंखा घेताना बदलून मिळेल का, हे आधीच ठरवून घ्या. चाचणी नेहमीच्या वजनावर करा. एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध, आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्या. आरपीएम वेगाशेजारीच लिहून ठेवा. जुना पंखा चांगल्या अवस्थेत असेल तर विकू नका. एक जादा नट, दोन स्प्लिट पिना आणि पाना यांच्यासोबत तो होडीतच ठेवा.