सोशल नेटवर्किंग साइट्सवरचे ग्रुप: माणसांना पाच स्टार, फीडला दोन

हा रिव्ह्यू कुठल्या एका ॲपचा नाही. सोशल नेटवर्किंग साइट्सवर जे ग्रुप असतात, म्हणजे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एकाच विषयासाठी जमतात ते, त्यांचा आहे. रील्स आणि फोटोंबद्दल सगळेच बोलतात, ग्रुपबद्दल कमी बोललं जातं.

माझ्या कानात सतत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, टिनिटस म्हणतात त्याला. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, घरचेही समजून घेतात, पण तो आवाज त्यांना ऐकूच येत नाही तर ते तरी काय बोलणार, आणि रात्री सगळं शांत झालं की जे होतं ते ज्याला होतं त्यालाच कळतं. अशा लोकांचा ग्रुप सापडला आणि खरं सांगतो, खूप आधार मिळाला. पूर्ण शांततेत झोपायचा हट्ट सोडा, पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावून ठेवा, दिवसभर कान देऊन आवाज मोजत बसू नका, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीबद्दल (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची उपचारपद्धत) डॉक्टरांना विचारा, असं सगळं तिथं लोक न कंटाळता प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. रात्री कितीही वाजता पोस्ट टाका, जगात कुठंतरी कुणीतरी जागं असतंच. ही सोय दुसरीकडे कुठं मिळणार?

आणि हे नुसतं धीर देण्यापुरतं नाहीये. पेशंट्सलाइकमी नावाची रुग्णांची साइट आहे, तिथं एएलएस (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जासंस्थेचा आजार) झालेल्या लोकांनी लिथियम हे औषध घेऊन काय होतंय ते स्वतःच नोंदवून ठेवलं, कारण त्यानं आजार मंदावेल अशी आशा २००८ मध्ये एका छोट्या अभ्यासातून निर्माण झाली होती. १४९ जणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की आजाराच्या वेगात काही फरक पडत नाही, हे २०११ मध्ये नेचर बायोटेक्नॉलॉजी या विज्ञानपत्रिकेत छापूनही आलं. उत्तर निराश करणारंच होतं, पण ते शोधायला रुग्णांनी मदत केली याचं मला फार मोल वाटतं.

आता धोके. पहिला धोका त्याच ग्रुपमध्ये, त्याच इनबॉक्समध्ये येतो. तुम्ही "झोप लागत नाही, काहीतरी सुचवा" असं लिहिलं की थोड्याच वेळात मेसेज येतो, अमुक थेंब घ्या, आठ दिवसांत आवाज गायब. टिनिटस पूर्ण बरा करणारं सिद्ध झालेलं औषध आज नाहीये, आणि विकणाऱ्याला नेमकं माहीत असतं की समोरचा किती थकलाय, कारण ते त्यानं स्वतःच लिहिलेलं असतं. याचा मला मनापासून राग येतो. ॲडमिनचा फोटो आणि नाव लावून बनावट प्रोफाइलवरून पैसे मागणारेही असतात. चांगल्या ग्रुपमध्ये अशांना लगेच काढतात, विक्रीला बंदी असते, "डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करा" असल्या कमेंट उडवतात. हे काम मॉडरेटर करतात, बहुतेक जण फुकट, स्वतःची झोप आणि नोकरी सांभाळून. ग्रुप चांगला की वाईट हे ८० टक्के त्यांच्यावर ठरतं असं माझं मत आहे, त्यामुळे जॉइन होण्याआधी नियम आणि जुन्या पोस्ट वाचाच.

दुसरं म्हणजे "प्रायव्हेट ग्रुप" असं लिहिलेलं असलं तरी मेंबर स्क्रीनशॉट काढू शकतो आणि फेसबुकसारख्या साइटवर कंपनीच्या सर्व्हरवर ते सगळं असतंच. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवतंय ना, राजकीय प्रचारासाठी फेसबुकवरची माहिती वापरणाऱ्या कंपनीचं, क्विझचं ॲप घेतलं सुमारे २,७०,००० लोकांनी आणि फेसबुकच्याच अंदाजानं माहिती गेली ८.७ कोटीपर्यंत लोकांची, कारण मित्रांच्या प्रोफाइलही ओढल्या गेल्या. म्हणजे तुम्ही जपून राहिलात तरी तुमच्या मित्रानं काय दाबलं त्याचा त्रास तुम्हाला. आजाराबद्दल लिहायला मी वेगळं टोपणनाव वापरतो, जिथं चालतं तिथं, आणि रिपोर्टचा फोटो कधीच टाकत नाही.

फीडला दोनच स्टार का? कारण ग्रुपमध्ये मी विषय घेऊन जातो आणि फीडमध्ये काय दिसणार हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. २०१२ मध्ये फेसबुकनं आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून बघितल्या, लोकांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहायला. परिणाम अगदी छोटा निघाला, पण त्यासाठी वेगळी परवानगी कुणाकडेच मागितली नव्हती. मन आधीच खचलेलं असेल तर ग्रुपची लिंक बुकमार्क करा आणि थेट तिथंच जा, मध्ये फीड नको.

मुलांबद्दल थोडक्यात: बऱ्याच साइट्सवर वयाची अट १३ आहे, पण जन्मतारीख खोटी टाकली की काम झालं असंच अनेक वर्षं चाललं. ऑस्ट्रेलियात १६ खालच्या मुलांच्या अकाउंटवर बंदीचा कायदा डिसेंबर २०२५ पासून लागू झालाय. बंदी बरोबर की चूक यावर वाद आहे, पण जबाबदारी आईबाबांवर न ढकलता कंपनीवर टाकली हे मला पटलं.

शेवटची तक्रार सगळ्यात मोठी. ग्रुप आपला वाटतो पण जागा कंपनीची असते. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये, आणि त्याबरोबर किती लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं गेली. स्वतःचा डेटा डाउनलोड करायचं बटण आता बऱ्याच ठिकाणी असतं, पण ग्रुपमधली अख्खी चर्चा मेंबरांच्या परवानगीनं उचलून दुसरीकडे नेता येईल असं सोपं बटण मला तरी कुठं दिसलं नाही. ते द्या, एक स्टार लगेच वाढवतो. तोवर कामाच्या पोस्ट मी कॉपी करून स्वतःकडे ठेवतोय, लिहिणाऱ्यांची नावं काढून.