क्यूआर स्कॅन झाला, हिरवी टिक आली, तरी बॅज खोटाच

पुण्यात सध्या दोन-तीन महिन्यांच्या कोर्सबरोबर ‘आंतरराष्ट्रीय डिजिटल बॅज’, म्हणजे कौशल्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र, सर्रास विकला जातो. विषय डेटा ॲनालिटिक्स असो की डिजिटल मार्केटिंग, आश्वासन एकच: बॅज लिंक्डइनवर लावा, हिंजवडी-खराडीच्या कंपन्या क्यूआर स्कॅन करून खात्री करतील. लातूर, नांदेड, जळगावहून येऊन नारायण पेठेत नाहीतर कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणारी मुलं पोटाला चिमटा काढून ही फी भरतात. पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या कागदपत्र तपासणीत, बॅज टिकत नाही, आणि खोटं प्रमाणपत्र जोडल्याचा ठपका बसतो तो मुलावर. क्लासवाला नामानिराळा राहतो.

अशा एका विद्यार्थिनीचा बॅज तपासला तेव्हा प्रकार उघड झाला. क्यूआर स्कॅन केल्यावर ‘व्हेरिफाइड’ लिहिलेलं पान उघडत होतं, तिचं नावही होतं. पण पान क्लासच्याच वेबसाइटवरचं. पत्त्याच्या शेवटी असलेल्या बॅज क्रमांकातले दोन आकडे मनाला येतील तसे बदलले, तरी हिरवी टिक तशीच! मागे नोंद काहीच नव्हती, टिक म्हणजे पानावर चिकटवलेलं चित्र.

खरा बॅज नुसतं चित्र नसतो. ‘ओपन बॅजेस’ हे मानक मोझिलाने २०११ मध्ये सुरू केलं, आज ते १एडटेक ही संस्था सांभाळते. त्यात पीएनजी किंवा एसव्हीजी फाइलच्या पोटातच माहिती भरलेली असते: कोणी दिला, कोणाला, कोणत्या निकषांवर, कधी, मुदत किती, पुरावा काय. म्हणून फाइल डाउनलोड करून क्लासशी संबंध नसलेल्या व्हॅलिडेटरवर, म्हणजे बॅज तपासणाऱ्या वेबसाइटवर, चढवा. आत काहीच सापडलं नाही, तर तो चित्र काढायच्या ॲपमध्ये बनवलेला असण्याचीच शक्यता जास्त. एक काळजी मात्र घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या किंवा स्क्रीनशॉट काढलेल्या खऱ्या बॅजमधलीही ही माहिती निघून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा, नाहीतर खऱ्यालाच खोटा म्हणून बसाल.

माहिती निघाली तरी ती वाचायला हवी. निकषांच्या जागी फक्त ‘कोर्स पूर्ण केला’ असेल, परीक्षेचा वा प्रोजेक्टचा उल्लेख नसेल आणि पुराव्याची जागा रिकामी असेल, तर कंपनीच्या लेखी त्याची किंमत हजेरीपलीकडे नाही. सगळ्यात जास्त घोळ ईमेलचा. बॅज मिळवणाऱ्याची ओळख बहुतेक वेळा ईमेलच्या हॅशवरून (ईमेलपासून गणिताने बनवलेल्या सांकेतिक ओळीवरून) पटते, म्हणजे एका अक्षराची चूकही चालत नाही. काही क्लास सगळ्या बॅचचे बॅज स्वतःच्याच एका मेलवर काढतात. मग ते तुमच्या खात्यात येतच नाहीत आणि ‘ॲक्टिव्हेशन चार्ज’ मागितला जातो. तो देऊ नका. फी भरण्याआधीच सांगा, बॅज माझ्या खासगी मेलवर हवा. कॉलेजचा मेल देऊ नका, पास झाल्यावर तो बंद होऊ शकतो.

बॅजची तपासणी क्लासच्या सर्व्हरवरच्या नोंदीवर अवलंबून असेल, तर क्लासने गाशा गुंडाळला की बॅज मेला. डिजिटल सही असलेला त्यापेक्षा बरा, पण त्याचीही सार्वजनिक की, म्हणजे सही खरी आहे का ते तपासायची उघड किल्ली, उपलब्ध राहावी लागते. बॅज देणाऱ्या महाविद्यालयांनीही हे डोक्यात ठेवावं: डोमेन स्वतःचं, सहीची की स्वतःकडे, नोंदी एक्सपोर्ट करण्याचा आणि बॅज रद्द करण्याचा हक्क करारात. नाहीतर वार्षिक वर्गणी चुकली की माजी विद्यार्थ्यांचे बॅज व्हेंडरच्या दयेवर.

‘सरकारमान्य’ या शब्दाला तर अजिबात भुलू नका. उद्यम नोंदणी व्यवसायाची असते, आयएसओ ९००१ व्यवस्थापन पद्धतीचं असतं. दोन्हींचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी संबंध नाही. क्लास क्रेडिटही (शिकण्याच्या तासांवर मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक) देतो म्हणाला, तर त्याचा हिशेब सरळ आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं. शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. दोन दिवसांत तास असतातच ४८. क्रेडिट खरंच जमा झालं का, हे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्यात) स्वतः लॉगिन करून बघा.

डिजिलॉकरची चलाखी आणखी वाईट. क्लासवाला पीडीएफ तुमच्याच खात्यात अपलोड करून देतो आणि म्हणतो, ‘बघा, डिजिलॉकरला आलं.’ तिथे स्वतः चढवलेलं काहीही राहतं. मूळ कागदाचा दर्जा असतो तो ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’मध्ये संस्थेकडून थेट आलेल्या कागदाला. आणि हे करून देण्यासाठी कोणी ओटीपी मागितला तर ठाम नकार द्या. आधारशी जोडलेलं खातं आहे ते.

पैसे व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले तर थांबा. पावतीवर संस्थेचं नाव हवं. जीएसटी लावला असेल तर तो क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. फसवणूक झालीच असेल तर ऑनलाइन पैसे गेल्यावर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं असतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती, चॅट आणि बॅजची मूळ फाइल आजच सेव्ह करा. तक्रारीचा वास लागला की सगळ्यात आधी ते व्हेरिफिकेशनचं पान गायब होतं.