मिनी गेम मशीनमध्ये ‘सॉफ्टवेअर टाकून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा

“गेम भरायला टाइम लागतोय मालक, परवा घेऊन जावा.” दुकानदार असं म्हणाला की मशीन हातातून सोडू नका. सगळी हातचलाखी त्या ‘परवा’मध्येच होते. माझे सोलापुरात, नवी पेठेतल्या एका बोळातल्या दुकानात 6,200 रुपये गेले. 4,500 मशीनचे, 1,200 ‘सॉफ्टवेअर’चे आणि वर 500 ‘लायसन्स की’चे.

मशीन म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं एनईएस मिनी, त्यांच्या जुन्या एनईएस टीव्ही गेमची छोटी आवृत्ती. नोव्हेंबर 2016 मध्ये आलेला, तळहातावर मावणारा करडा डबा, आत 30 गेम. कॅसेट फुंकून फुंकून कॉन्ट्रा खेळलेल्या आमच्या पिढीला त्याचं वेड असणारच. त्यात हा डबा म्हणजे आतून चक्क एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर आहे. 2017 पासून हॅक्ची नावाचं सॉफ्टवेअर वापरून लोक त्यात आणखी गेम टाकतात, आणि रेट्रोआर्च हे दुसऱ्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं की सेगाचे, गेमबॉयचे गेमही त्यावर चालतात. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. हे मला नंतर कळलं, दुकानदाराला आधीपासून माहीत होतं.

दुकानात त्यानं मोठ्या टीव्हीवर डेमो दाखवला. चित्र स्वच्छ, कॉन्ट्रा होतं, सोनिक होतं, रिसेट दाबलं की मेनू परत येत होता. ते मशीन अस्सल होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. “हाच पीस तुम्हाला. 16 जीबी टाकतो, दहा हजार गेम बसतात, प्लेस्टेशनचे पण.” पैसे यूपीआयनं आधीच घेतले. बिल मागितलं तर पावतीपुस्तकातला कागद फाडून लिहून दिलं, ‘टी.व्ही. गेम 1 नग’. ना कंपनीचं नाव, ना मॉडेल. चिठ्ठी मुद्दाम तशी लिहिली होती.

सांगितल्या वेळी गेलो तर टेप गुंडाळलेलं खोकं हातात पडलं. घरी उघडलं तर एचडीएमआयऐवजी पिवळी-पांढरी एव्ही केबल. फोन केला. “एचडीएमआय शॉर्ट आहे सध्या, एव्हीवर पण तेच दिसतंय की.” यादीत 620 गेम, पण थोडं खाली गेलं की तेच गेम नवी नावं लावून पुन्हा हजर. सोनिक तर नाहीच. पुन्हा फोन. “लायसन्स की टाकायची राहिली, पाचशे पाठवा, मी इथनंच अनलॉक करतो.” पाठवले. काय अनलॉक होणार, डबा इंटरनेटला जोडलेलाच नव्हता!

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं डबा लॅपटॉपला जोडला, रिसेट दाबून धरून चालू केला, लॅपटॉपला काही सापडेना. मग मागचे चार स्क्रू काढले. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. बस्स. “मामा, ह्याच्यात काही टाकायला जागाच नाही. गेम ह्या गोळ्यातच पक्के बसवलेत.” डब्याचं निम्मं पोट रिकामंच होतं.

अस्सल मशीनमध्ये एचडीएमआय असतं आणि वीज मायक्रो यूएसबीतून येते. त्याच वायरीनं ते कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअर चढवतात. रिमोटची पिन चपटी असते. नक्कल डब्याची बहुतेक जुन्या टीव्ही गेमसारखी नऊ टाचण्यांची. काही नकलांना एचडीएमआयही असतं म्हणे, म्हणून नुसत्या त्यावर जाऊ नका. लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच जोडायला लावा.

आता ‘16 जीबी, दहा हजार गेम’ घ्या. अस्सल एनईएस मिनीची एकूण मेमरी 512 एमबी, त्यातली साधारण 300 मोकळी. जुना मारिओ 40 केबीचा, त्यामुळे तसले शेकड्यानं बसतात. पण प्लेस्टेशनची एक सीडी 650 एमबीपर्यंत जाते, ती आत मावणार कशी? बाहेरून पेनड्राइव्ह लावायचा तर ओटीजी हब (वीज आणि पेनड्राइव्ह दोन्ही एकदम जोडणारा जोड) लागतो, त्याचा दुकानदारानं उल्लेखही केला नाही. आणि जेमतेम 300 एमबी भरायला परवापर्यंत वेळ लागत नाही, चहा पिऊन होईपर्यंत काम उरकतं. (गेमच्या फाइली अशा भरून विकणं मुळात बेकायदाच, त्यामुळे गिऱ्हाईक बोंब मारणार नाही हा त्यांचा हिशेब असतो.)

भाच्याला घेऊन दुकानात गेलो. उघडा डबा काउंटरवर ठेवला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “टीव्हीवर गेम लागतोय का नाही? मग फसवलं कुठं? आणि तुम्ही खोललाय, आता वॉरंटी नाही.” चिठ्ठी दाखवली तर तीच वाचून दाखवली, “टी.व्ही. गेम एक नग. दिला की.”

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयचे दोन्ही व्यवहार, व्हॉट्सॲपवरचं ‘ओरिजिनल एनईएस, एचडीएमआय’ हे त्याचं स्वतःचं वाक्य आणि उघड्या डब्याचे फोटो जपून ठेवलेत. तिथं जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. त्याच दुकानातून कुणी असलं मशीन घेतलं असेल तर स्क्रू काढायच्या आधी चालू स्थितीतला व्हिडिओ काढा, तोंडी बोलणं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि तक्रार करा. टीव्हीवरचा तो डेमो त्याच्या दुकानात अजून सुरू आहे.