मराठी अहवाल आणि स्लाइडसाठी फाँट: निर्मला, मुक्ता की तिरो?

संस्थेचा वार्षिक अहवाल वर्डमध्ये करायचा आहे, त्याच आकड्यांचं सादरीकरण पॉवरपॉइंटमध्ये, आणि दोन्ही मराठीत. मांडणीचे नियम शोधायला गेलं की बहुतेक रोमन लिपीसाठी बेतलेले सापडतात: शीर्षक कॅपिटलमध्ये, महत्त्वाचा शब्द तिरपा, अक्षरांत जरा अंतर. देवनागरीत कॅपिटल नाहीत, तिरपं अक्षर परकं दिसतं, आणि अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. अधोरेखा तर उकारांवरूनच जाते. मथळा आणि मजकूर वेगळे दाखवायला आपल्या हाती उरतात ते आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. म्हणून फाँट निवडताना मी आधी त्यात किती जाडीची अक्षरं मिळतात ते बघतो.

निर्मला यूआय विंडोज 8 पासून संगणकातच असतो. हलकं, साधं, ठळक अशा तीन जाडी. वर्डची फाइल चार जणांकडून दुरुस्त होऊन येणार असेल, तर हाच बरा. कुणाला काही उतरवून घ्यावं लागत नाही. दिसायला मात्र तो कचेरीतल्या परिपत्रकासारखा. तरी जुन्या मंगलपेक्षा उजवाच. अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा मंगल विंडोज 2000 बरोबर आला आणि मराठी युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची सामायिक पद्धत) घरोघरी पोचलं, हे त्याचं ऋण मोठं. पण छापील पानावर तो आज खडबडीत वाटतो.

मुक्ता मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा, गूगल फाँट्सवर मोफत. सात जाडी, आणि स्लाइडसाठी इथेच निकाल लागतो. मथळा सर्वांत जाड, आकडा मध्यम, तळटीप साधी. एकाच फाँटात सगळी उतरंड बसते, दुसरा फाँट आणून खिचडी करावी लागत नाही. रोमन अक्षरंही त्याच वळणाची असल्यामुळे ‘जीएसटी’ किंवा कंपनीचं नाव इंग्रजीत आलं तरी ओळ विसंवादी दिसत नाही. लांबलचक मजकुराला मात्र मी तो वापरत नाही. वीस पानं सलग वाचताना सगळी अक्षरं एकसुरी होतात.

तिरो देवनागरी मराठी अगदी उलट. रेघ जाड-बारीक होत जाते, पान छापील पुस्तकासारखं दिसतं. हिंदी आणि संस्कृतसाठी याच घराण्यातले वेगळे फाँट आहेत. या मराठी फाँटात मराठी वळणाची अक्षरं, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, आपोआप येतात. बाकी कुठलाही फाँट घेतलात तर ‘शाल’ टाइप करून बघा, त्यात हे वळण आहे का ते लगेच कळेल. याची अडचण एकच, पण मोठी: ठळक जाडीच नाही, फक्त साधं आणि तिरपं. वर्डमध्ये ‘बोल्ड’ दाबलं तर संगणक अक्षर नुसतं फुगवतो आणि ‘ष्ट्र’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजतात. प्रोजेक्टरवर त्याच्या बारीक रेघा मागच्या रांगेला दिसणारही नाहीत.

माझी निवड अशी: छापायच्या अहवालाचा मजकूर तिरोत, त्याचे मथळे आणि सगळ्या स्लाइड मुक्तात. अहवाल शेवटच्या क्षणापर्यंत हातोहात फिरणार असेल तर निमूटपणे निर्मला.

कोणताही घ्या, ओळींमधलं अंतर वाढवा. वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. मुक्ता किंवा तिरोला दीडपट अंतर मला ठीक वाटतं. दोन्ही कडा समान करण्याचा मोहही टाळा. ‘व्यवस्थापनासंबंधीच्या’सारखा शब्द पुढच्या ओळीवर गेला की आधीच्या ओळीत भगदाडं पडतात. डावी कड सरळ पुरे.

आणि सभेच्या हॉलमधला लॅपटॉप दुसऱ्याचा असतो. विंडोजवर पॉवरपॉइंटच्या ‘सेव्ह’ पर्यायांत फाँट फाइलमध्येच बसवण्याची सोय आहे, ती चालू करा. सोबत एक पीडीएफही ठेवा.